मुन्शी घाटावरचा माइट

हे लिहायला बसले आणि आधी दाराला कडी लावली. घरात माझ्याशिवाय कुणी नाही, तरी. ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ काढलेली नाही – नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही, गंगेला हात जोडताना मनातल्या मनातही नाही. तुम्हाला सांगते आहे, आणि सांगतानाही वाटतंय, तुम्ही हे कुणाच्या कानावर तर घालणार नाही ना? बघा. माझं हे असं आहे.

मी मूळची सांगलीची. विद्यापीठात नोकरी लागली म्हणून बनारसला आले आणि इथलीच झाले. माझा विषय माइट आणि गोचिडी. लोक त्यांना किडे म्हणतात; ते किडे नव्हेत, कोळ्यांच्या गोतातले. मोठेपणी आठ पाय, पण अंड्यातून निघालेल्या पिल्लाला सहाच – नवशिक्याने नुसते पाय मोजले की तो फसलाच. गुरांच्या कानात, कबुतरांच्या पिसांत, पिठाच्या डब्यात, तुमच्या-माझ्या पापण्यांच्या मुळाशी ते सुखाने नांदत असतात आणि आपल्याला पत्ता नसतो. असल्या न दिसणाऱ्या बिऱ्हाडकरूंच्या मागावर जन्म काढला की माणसांकडेही त्याच नजरेने बघायची सवय लागते का? की मी आधीपासूनच तशी होते म्हणून हा विषय निवडला? ठाऊक नाही. हसून बोलणाऱ्या माणसाचा मला आधी संशय येतो, एवढं खरं.

वैदेही माझी विद्यार्थिनी. संकठा घाटाजवळच्या जुन्या मराठी घरातली, वडील पौरोहित्य करणारे. मी या शहरात नवीन असताना तिच्या आईनेच मला घरचं जेवू घातलं, सणासुदीला हक्काने बोलावलं. म्हणून वैदेही विभागात मला मॅम म्हणायची आणि घरी मावशी. कबुतरांच्या घरट्यांत कोणकोणते माइट राहतात, त्यातलं कोण रक्त पितं, कोण कचरा खातं आणि कोण या बाकीच्यांनाच खातं – हा तिच्या पीएचडीचा विषय. मुन्शी घाटावरच्या भिंतीतल्या कोनाड्यांतून ती घरट्यांचा काडीकचरा पिशव्यांत भरून आणायची.

त्यात तिला एकदा एक शिकारी माइट सापडला. मादी. ती माझ्या खोलीत धावत आली आणि विभागात मावशी म्हणायचं नाही हेही विसरली. "मावशी, देखो तो! हा आपल्या कुठल्याच किताबात बसत नाही. पाठीवरचे केस बघा, एकदम अलग आहेत."

मी पाहिला. बराच वेळ पाहिला. आनंद झाला – पण निव्वळ आनंद होता का तो? इतकी वर्षं मी सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसले, मला असा नवा प्राणी कधी मिळाला नव्हता. मला तिचा हेवा वाटला. हे लिहायला वेळ लागला, पण लिहिलं.

त्याच सुमाराला बाहेरच्या एका विद्यापीठातले, आमच्याच विषयातले एक प्राध्यापक आले होते. वैदेही व्हरांड्यात त्यांच्याशी बोलताना दिसली. हळू आवाजात, मधेच हसत. मी जवळ गेले तशी दोघं गप्प झाली. खरंच झाली, की मला तसं वाटलं? माझ्या डोक्यात मात्र पक्कं बसलं – ही पोरगी माइट त्यांना देणार आणि शोधाला नाव त्यांचं लागणार. पुढे कधीतरी तिच्या आईकडून कळलं, ते गृहस्थ बायकोसाठी साडी कुठे घ्यावी ते विचारत होते.

इथे आमच्या कामातली एक रीत सांगायला हवी. माइट आम्ही काचपट्टीवर डिंकाच्या द्रावणात बसवतो, वर पातळ काच ठेवतो आणि पट्टी गरम पेटीत वाळायला ठेवतो. पुरती वाळली की वरच्या काचेच्या कडेने नेलपॉलिश फिरवायचं. साधं, बाजारातलं. ते राहिलं तर पावसाळ्यात तो डिंक हवेतलं पाणी ओढतो आणि सगळं सैल होऊन ओघळतं. मी हे मुलांना पहिल्या दिवशी शिकवते, आणि जो विसरेल त्याची खरडपट्टी काढते. वैदेहीची पट्टी पेटीत होती, नेलपॉलिश फिरवायचं बाकी होतं. ती जेवायला गेली असताना मी ती उचलली आणि घरी नेऊन कपाटात साड्यांच्या मागे ठेवली. जपून ठेवते आहे, असं स्वतःला सांगितलं. नेलपॉलिश? सुचलंच नाही. आपल्याला कुणी पाहिलं नाही ना, एवढंच डोक्यात होतं.

ती रडवेली होऊन आली तेव्हा मी म्हटलं, "कुणाला दाखवायला दिली होतीस का? आठवून बघ." आणि तिचा चेहरा निरखत राहिले. वाटलं, आता ही गडबडेल, त्या प्राध्यापकांशी काय ठरलं त्याची कबुली देईल, मग मी पट्टी काढून तिच्यापुढे ठेवीन. ती गडबडली नाही. तिने कपाटं उपसली, कचऱ्याचे डबे उपसले. मीही तिच्याबरोबर शोधलं – हो, वाकून टेबलाखालीसुद्धा पाहिलं. मग दिवस जात राहिले आणि पट्टी परत देणं अवघड होत गेलं. काय सांगून देणार होते?

पाऊस सरल्यावर कपाट उघडलं. वरची काच घसरली होती, डिंक ओघळून कपाटात अंथरलेल्या कागदाला चिकटला होता. त्या कागदाचा कण न् कण सूक्ष्मदर्शकाखाली धरला. एक पाय मिळाला, तोही तुटका. मी काय केलं? पट्टी धुतली, पुसली आणि कोऱ्या काचांत ठेवून दिली.

वैदेहीने दुसरा नमुना मिळवण्यासाठी जिवाचं रान केलं. पण खालचे कोनाडे पुराने धुऊन नेले होते आणि वरचे रंगकामवाल्यांनी साफ केले होते.

अजून मी कडेकडेनेच चालले आहे, नाही का? पट्टी घालवली ती चूक. गुन्हा पुढेच आहे. पट्टी हरवण्याआधी वैदेहीने सूक्ष्मदर्शकात बघून त्या माइटची चित्रं काढली होती, ती प्रबंधाच्या बैठकीत सगळ्यांसमोर होती. नमुना नाही, नुसती चित्रं. कुणीतरी विचारलं, असा माइट होता तरी का? वैदेही शांत बसली होती. तिला घोर नव्हता, कारण मी तिथे होते. विभागप्रमुख माझ्याकडे वळले आणि त्यांनी विचारलं, तुम्ही स्वतः पाहिला होता का?

मी म्हणाले, "नीट असा नाही पाहिला."

हो म्हटलं असतं तर पुढचे प्रश्न माझ्याकडे आले असते. पट्टी शेवटी कुणाच्या हातात होती, कुठे गेली. मी भ्याले आणि खोटं बोलले. वैदेही म्हणाली, "मॅम, आपने तो…" आणि थांबली. तिच्या नजरेत राग नव्हता. मी विसरले असेन असं तिला वाटलं. त्या क्षणीही ती माझीच बाजू सावरत होती.

तो भाग प्रबंधातून काढायला लावला. मनाने चित्रं काढणारी मुलगी, असा शिक्का मात्र बसला तो बसलाच. तिने पीएचडी सोडली. आता ती रामनगरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. संक्रांतीला अजून तिच्याकडून तिळाचे लाडू येतात आणि मी ते हातात घेऊन विचार करते – हिला कळलंय का? कळूनही पाठवते का? म्हणजे अजूनही संशय तिच्यावरच.

गेल्या हिवाळ्यात एक शोधनिबंध माझ्याकडे तपासायला आला. दूरच्या डोंगराळ भागातल्या कबुतरांच्या घरट्यात सापडलेला शिकारी माइट, नवी जात. चित्र उघडलं. तो वैदेहीचा माइट होता. केस न् केस तोच. हा प्राणी याआधी कुणाच्याही पाहण्यात आलेला नाही, असं लेखकाने लिहिलं होतं. त्यावर काही हरकत आहे का, असं तपासणारी म्हणून मला विचारलं होतं.

मी कळवलं, हरकत नाही.