रंगाऱ्याचा दुसरा खांदा

छतं रंगवून रंगवून रंगाऱ्याचे दोन्ही खांदे कामातून गेले होते. उजव्याचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालं आणि त्याने कानाला खडा लावला. शुद्धीवर येताच डोळ्यांपुढे काजवे चमकले. नर्सने विचारलं, "काका, शून्य ते दहात दुखणं किती?" तर हा ओरडला, "दहाच्या पुढे मोजता येत नाही का तुम्हाला?" पुढचे तीन आठवडे गोळ्यांवर काढले.

आता डावा हात वर जाईना. एकाच हाताने शिडी धरायची की ब्रश? धंदा बसायची वेळ आली, तरी ऑपरेशनचं नाव काढलं की स्वारी गॅलरीत. शेवटी बायकोने त्याला भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवलंच.

बाईंनी जुनी फाइल चाळली. "मागच्या ऑपरेशनमध्ये अफूच्या जातीचं दुखणं मारणारं औषध अगदीच कमी दिलंय. घरच्यांची विनंती, असं लिहिलंय."

बायको पिशवीचा बंद पिळत बसली. "तुमच्या भावाचं नशेने काय झालं ते पाहिलं होतं मी. मीच सांगितलं, ह्यांना कमी द्या."

"आणि मला बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही म्हणाला असतात, अजिबातच नको! सहनशक्तीची मिजास केवढी!"

"भीती खोटी नाही," बाई म्हणाल्या. "पण ऑपरेशन चालू असताना औषध कमी पडलं, तर पुष्कळांना नंतर जास्त दुखतं, गोळ्याही जास्त लागतात. आणि औषध जास्त झालं तर श्वास मंदावतो. म्हणून नजर ठेवून, मापात देणार."

रंगारी जरा पुढे सरकला. "म्हणजे आमचा रंगाआधीचा प्रायमर. त्यात हात आखडला, की वरून रंगाचे चार हात मारा, डाग दिसतोच. बदाबदा फासला, तर ओघळ."

"मग येताय ना?"

शेजारी बायकोचे ओठ हलत होते, डोळे मिटलेले. "हिने देवाला होकार कळवलासुद्धा," तो म्हणाला. "आता माझं कोण ऐकतंय?"

ऑपरेशननंतर बायकोला आत बोलावलं. नर्सने विचारलं, "काका, किती?"

तो नुसता वर बघत राहिला.

"तीन," तो म्हणाला. मग जड जिभेने, "ह्या छताचे पापुद्रे सुटलेत बघ. प्रायमरच नाही दिलेला. कोणी रंगवलंय हे?"

"आले शुद्धीवर," बायको डोळे पुसत नर्सला म्हणाली.

सहाव्या दिवशी गोळ्या सुटल्या. उरलेलं पाकीट तिने स्वतः नेऊन दवाखान्यात परत दिलं.