बाबांच्या कार्डावरचा खोटा शिक्का

त्या शिक्क्याबद्दल मी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्या सगळ्यांनी मला एकच उत्तर दिलं: तू केलंस ते बरोबरच केलंस. ॲडलेडच्या मॉसन लेक्स उपनगरातल्या आमच्या मराठी ग्रुपमधल्या दोन डॉक्टरांनी तर वैद्यकीय कारणांसह समजावलं. शहात्तर वर्षांचा माणूस, एक घोटा सुजलेला, समोर बावीस किलोमीटर वाळू. कुठल्याही शहाण्या मुलाने हेच केलं असतं म्हणे. मला हे मान्य नाही. कुणी पाठीवरून हात फिरवावा म्हणून मी हे लिहीत नाहीये. तो हात मला नको आहे.

आई गेल्यानंतर वर्षभराने बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे ॲडलेडला आले. आम्ही दोघं कामावर, मुलगी युनिव्हर्सिटीत. बाबा सकाळी तळ्याला दोन चकरा मारायचे आणि मग लायब्ररीत जाऊन बसायचे. तिथेच त्यांना ते पत्रक मिळालं. ख्रिस्ती लोकांची एक पदयात्रा, सात दिवसांची. आधी समुद्राच्या काठाने, मग पाइनच्या जंगलातून, शेवटी आतल्या एका लहानशा गावातल्या चर्चपर्यंत. सोबत घडीचं एक जाड कार्ड मिळतं, त्याला ते लोक यात्रेचा पासपोर्ट म्हणतात. त्यावर रिकामे चौकोन. सकाळी निघाल्या गावी एक शिक्का, संध्याकाळी पोचल्या गावी एक. बेकरीत, पोस्टात, पबमध्ये, जिथे म्हणून शिक्का ठेवलेला असेल तिथे. सगळे चौकोन भरले की शेवटी प्रमाणपत्र.

"बाबा, हे चर्चचं आहे," मी म्हणालो.

"देव कुणाचाही असू दे. पाय माझेच आहेत ना?"

बाबांनी पिंपरीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसमध्ये एकतीस वर्षं काढली. कामगार आत येताना आणि बाहेर जाताना कार्ड पंच करायचे, त्या कार्डांचा हिशोब बाबांकडे. त्यामुळे हा पासपोर्ट हातात आला तेव्हा त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि खुशीत म्हणाले, "हजेरीकार्ड आहे की रे हे!" पुढे ते त्याला कार्डच म्हणत राहिले. मी रजा टाकली आणि आम्ही दोघं निघालो.

पहिले तीन दिवस फार चांगले गेले. आमच्याशिवाय चारच जण चालत होते, सगळे इथलेच, निवृत्त. सामान पुढच्या मुक्कामावर न्यायला एक व्हॅन असायची. ती चालवणारी बाई साठीची, मेंढ्यांचं फार्म मुलाच्या हवाली करून मोकळी झालेली. बाबा तिच्याशी कारखान्यातल्या इंग्रजीत बोलायचे आणि तिला ते बरोबर कळायचं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र बाबांनी मोजा काढला आणि मला घोटा दिसला. आणि नेमका तेव्हाच पुण्याहून ताईचा व्हिडिओ कॉल आला. तिलाही दिसला.

मी फोन घेऊन बाहेर गेलो. ताई म्हणाली, "उद्या त्यांना चालवायचं नाही. कळलं? त्यांना काही झालं ना, तर मी तुला कधी माफ करणार नाही. आईच्या वेळीही तू तिसऱ्या दिवशी उगवलास."

मी फोन ठेवला आणि आत आलो.

सकाळी चहा घेताना मी बाबांना म्हणालो, "आजचा बीचचा रस्ता बंद केलाय. मोठी भरती आहे. सगळेच व्हॅनने जाणार आहेत."

"सगळेच?"

"हो."

ते चौघं पहाटेच चालत निघून गेले होते; बाबांना मी सांगितलं, ते पहिल्या फेरीत गेले. बाबा व्हॅनमध्ये पुढे बसले. बऱ्याच वेळाने काचेतून बघत म्हणाले, "पाणी तर लांबच दिसतंय."

"दुपारी चढतं."

पुढचा मुक्काम कॅरॅव्हान पार्कमधल्या केबिनमध्ये होता. दुपारी बाबा झोपले. मी त्यांच्या पाउचमधून त्यांचं कार्ड काढलं, माझं घेतलं आणि पार्कच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "कसा होता बीच?" मी म्हणालो, "सुंदर." त्याने दोन्ही कार्डांवर पेलिकन पक्ष्याचा शिक्का मारला.

मी काय करत होतो हे मला पक्कं ठाऊक होतं. नकळत घडलं, अशी सबबही मला नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये, आमच्याच मजल्यावर, बाबांच्या कारखान्यातले एक काका राहायचे. त्यांनी एकदा उशिरा येणाऱ्या मेव्हण्याचं कार्ड स्वतः पंच केलं. बाबांनी ते वर कळवलं. दोघांनाही काही दिवस घरी बसवलं गेलं. त्यानंतर त्या घराचं दार आमच्यासाठी कायमचं बंद झालं. त्यांच्या मुलाबरोबर मी रोज क्रिकेट खेळायचो, ते थांबलं. दिवाळीत आईने पाठवलेलं फराळाचं ताट तसंच परत आलं. आई बाबांना म्हणाली होती, "एक कार्ड तर होतं." बाबा म्हणाले, "हो, पण त्याचं नव्हतं." या घरात वाढलेला मी, बाबांचं कार्ड त्यांच्या पाउचमधून चोरून पंच करून आलो.

उठल्यावर त्यांनी शिक्का पाहिला. "हा कसा काय मिळाला?"

"रस्ता त्यांनीच बंद केला ना, म्हणून सगळ्यांना दिला."

त्यांनी थोडा विचार केला. "मग हरकत नाही," म्हणाले. खोटं मी दिवसभर बोललो, पण सगळ्यात जास्त मला त्यांचं ते "मग हरकत नाही" छळतं.

उरलेले तीन दिवस ते चालले. एक दिवस आराम मिळाल्याने घोट्याची सूजही उतरली. माझे डॉक्टर मित्र इथेच बोट ठेवतात: बघ, आराम केला म्हणूनच यात्रा पुरी झाली. असेलही. मग काय?

शेवटच्या गावात चर्चशेजारच्या हॉलमध्ये चहा होता, स्कोन नावाचे गोल पाव आणि जॅम होता. टेबलापाशी बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी कार्डावरचे सगळे चौकोन तपासले. प्रमाणपत्राखाली एक ओळ छापलेली होती, मी ही वाट पूर्ण चाललो आहे, अशा अर्थाची. खाली सही करायची. बाबांनी चष्मा लावून ती ओळ वाचली आणि अगदी सावकाश सही केली. मीही केली.

मग व्हॅनवाली बाई बशी घेऊन आमच्याजवळ आली. बाबांना म्हणाली, "तुमचा बीचचा दिवस चुकला, वाईट वाटलं. हे चौघं म्हणत होते, तोच सगळ्यात भारी होता."

"बीच वॉज क्लोज्ड, नो?" बाबा म्हणाले.

"क्लोज्ड?" ती हसायला लागली. "बीच कोण बंद करणार, मेट?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. हातातला स्कोन बशीत ठेवला, बोटं पुसली आणि टेबलाकडे गेले. प्रमाणपत्र आणि कार्ड परत पुढे सरकवलं आणि म्हणाले, हे रद्द करा. त्या बाईंना काही समजेना. समजलं तेव्हा त्यांनी बाबांचा हात थोपटला. "नो वरीज, डार्ल. कोण बघतंय?"

"आय ॲम लुकिंग," बाबा म्हणाले.

दुसऱ्याने मारलेला शिक्का मी कसा खोडू, असं त्या म्हणाल्या. मग बाबांनी खिशातलं पेन काढलं, पेलिकनवर आडवी रेघ मारली, वर इंग्रजीत 'चाललो नाही' असं लिहिलं, खाली सही आणि तारीख. मी माझं प्रमाणपत्र घेऊन उभाच होतो. ते टेबलावर ठेवायचं मला सुचलं नाही, असं मी घरी सांगितलं. खरं म्हणजे सुचलं होतं, पण हात पुढे झाला नाही. ते मी दोन आठवड्यांनी पोस्टाने परत पाठवलं, कुणी बघत नसताना.

बाहेर बाकावर बाबा बसले. मी शेजारी.

"बाबा, पाय किती सुजला होता तुमचा."

"पाय कुणाचा होता?"

"तुमचा."

"मग विचारायचं कुणाला?"

"तुम्ही ऐकलंच नसतंत."

"नसतं ऐकलं. म्हणून खोटं बोलायचं? सांगायचं होतंस, बाबा, मला भीती वाटते. बसलो असतो गाडीत. कुरकुरत बसलो असतो, पण बसलो असतो." मग थोड्या वेळाने म्हणाले, "तुझ्या आईचंही तुम्ही असंच केलंत. तू इथून फोनवर, ताई तिथे. रिपोर्ट काय आलाय ते तिला कळू द्यायचं नाही म्हणालात. शेवटपर्यंत ॲसिडिटी सांगितली तिला. तिला कुणाकुणाला भेटायचं होतं, काय बोलायचं होतं, काही विचारलं नाहीत."

मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

"मीही गप्प बसलो. ते माझं, ते मी भोगतोय. पण माझ्याशी तसं वागायचं नाही. मी अजून आहे." ते उठले. "उद्या मला त्या बीचवर सोड."

मी त्या संध्याकाळी ताईला फोन केला. लपवून नाही, बाबांसमोर, स्पीकरवर.

"वेड लागलंय का तुला?" ती ओरडली.

"हो."

"आणि चार दिवसांनी त्यांचं विमान आहे!"

"माहीत आहे. तरी नेणार आहे."

"तू मुलगा आहेस की कोण आहेस रे?"

बाबा लांबूनच म्हणाले, "ताई, ओरडू नकोस, बीपी वाढेल. तुझं." तिने फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बीचवर उतरलो. पाण्यालगतची ओली वाळू पायाला टणक लागते, तिच्यावरून चाललो. लाल चोचीचे काळे पक्षी आमच्यापुढे पळायचे, थांबायचे, पुन्हा पळायचे. बाबा दर अर्ध्या तासाने बसायचे. पोळीचे रोल खाल्ले, केळी खाल्ली. यात्रा, देव, आई, कशाबद्दलही बोलणं झालं नाही. पिंपरीला आता मेट्रो किती वेळात पोचते, यावर मात्र बरंच झालं. मी मध्येच म्हणालो, "बाबा, मला भीती वाटतेय." ते म्हणाले, "वाटू दे," आणि चालत राहिले.

दुपारनंतर एक ओढा समुद्राला मिळतो तिथे वाळू भुसभुशीत झाली. पावलं रुतायला लागली. बाबा एकदा अडखळले, मग दुसऱ्यांदा. मग ते एका ओंडक्यावर बसले आणि घोटा चोळत राहिले. मी फोनवर पाहिलं. चौदा किलोमीटर झाले होते. माझ्या तोंडात सगळी वाक्यं तयार होती: पुरे आता, खूप झालं, हट्ट करू नका. मी तोंड उघडलं नाही. ती दहा-पंधरा मिनिटं मला त्या चौदा किलोमीटरांपेक्षा जड गेली.

"बस," बाबा म्हणाले. "आज इथवर."

"नक्की?"

"मी सांगतोय ना."

मग मी व्हॅनवाल्या बाईला फोन केला. ती तिच्या मुलाची मोठ्या चाकांची गाडी घेऊन वाळूवरून आली. बाबांना हात देत म्हणाली, "गुड ऑन या," म्हणजे शाब्बास. कॅरॅव्हान पार्कच्या ऑफिसवरून आम्ही गेलो तेव्हा तिने विचारलं, शिक्क्यासाठी थांबू का? बाबा म्हणाले, "नो. नॉट रीच्ड." कार्डावर, त्या खोडलेल्या पेलिकनशेजारी, त्यांनी लिहिलं: झाले १४, राहिले ८.

पुण्यात ते कार्ड सगळ्यांना दाखवतात. लोक म्हणतात, वा, पूर्ण केलीत! ते म्हणतात, नाही केली, आठ राहिलेत. माझी मुलगी मला म्हणाली, "डॅड, इट्स जस्ट अ स्टॅम्प." तिला मी सगळं सांगितलं, आईच्या रिपोर्टसकट. तिने ते ऐकलं आणि उठून आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. तेही योग्यच.

यंदा बाबांना उरलेले आठ किलोमीटर चालायला यायचं आहे. प्रवासाआधी तपासण्या केल्या. त्यांच्या हृदयाचा रिपोर्ट ताईच्या फोनवर आला आणि तिने तो मला पाठवला. खाली लिहिलं होतं: फारसा चांगला नाहीये. त्यांना दाखवू नकोस. व्हिसाचं काहीतरी अडलंय म्हणून सांग, मी बघते इकडचं.

ताई वाईट नाही. तिला आईला जाताना बघावं लागलं आणि मला लागलं नाही. तिची भीती माझ्यापेक्षा खरी आहे. कदाचित तीच बरोबर असेल आणि त्या वाळूवर काही झालं तर उरलेलं आयुष्य मी तिला तोंड दाखवू शकणार नाही.

मी तो रिपोर्ट जसाच्या तसा बाबांना पाठवला. ताईलाही सांगितलं, पाठवलाय.

दोन दिवसांनी बाबांचा मेसेज आला: "वाचला. डॉक्टरांना भेटलो. सपाटीवर, हळू, चालेल म्हणाले. नसते म्हणाले, तरी आधी मलाच सांगायचं होतं. तिकीट काढ."

काढलं आहे. ताई माझ्याशी बोलत नाही.