न आलेलं बोलावणं

आमच्या चंद्रपूरच्या कार्यालयातला शिपाई जातीनं ढिवर, मासेमारांच्या घरातला, वैनगंगेकाठच्या गावचा. पाण्याजवळ गेला की तो आधी थोडा वेळ नुसता बघत उभा राहायचा. नदीत कोणी बुडालं की प्रेत शोधायला गावाहून त्यालाच बोलावणं यायचं. मग तो रजा मागायचा.

दोन हजार सालच्या सुमारास त्याच्यासकट आम्ही सहाजण प्रवास सवलत घेऊन अंदमानला गेलो. एका दिवसात तीन बेटं. दुपारी तळलेली सुरमई आली. एक घास खाऊन तो म्हणाला, "आपल्या नदीच्या मरळीची सर नाई याले."

शेवटच्या बेटावर बाकीचे किनाऱ्यावर पडले होते. तोंडाला काच लावून प्रवाळ बघताना माझ्या नळीत पाणी शिरलं आणि मी हातपाय झाडू लागलो. तो होडीत बसला होता; त्यानं तशीच उडी मारली, केसांना धरून मला होडीपाशी आणलं. "पाण्यासंग भांडू नाई, साहेब."

परतल्यावर कार्यालयात मी उलटं सांगितलं. बुडत तो होता, काढला मी. चहा वाटता वाटता तो फक्त हसला. खरं काय ते आज लिहितो आहे.

पावसाळ्यात त्याच्या गावचा एकजण वाहून गेल्याची बातमी आली. मी विचारलं, "काऊन रे, रजा नाई मागितली?"

"बलावलंच नाई, साहेब. ज्याले साहेबानं काढलं, तो ढिवर काय शोधीन, म्हणतेत."

मी फाइल उघडली.