गुनहिल्डने लावलेली पंगत

आमच्या गावात कुणाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली किंवा कुणी साठी गाठली, की लोक आधी गावाचं सभागृह राखून ठेवतात आणि लगोलग गुनहिल्डला गाठतात. आचारी बदलला तरी चालतो, पाद्री नवा असला तरी हरकत नाही. पण कुणी कुणाच्या शेजारी बसून जेवायचं हे गुनहिल्डनेच ठरवायचं. नावांच्या चिठ्ठ्या ती स्वतः लिहिते, ताटांपुढे उभ्या करते आणि मग कमरेवर हात ठेवून दारात थांबते. कुणी हळूच चिठ्ठी हलवली तर नुसतं बघते. त्या बघण्याने बँकेचा मॅनेजर मुकाट आपल्या जागी परत गेलेला मी पाहिलाय.

तिचा नियम सरळ आहे. नवरा-बायको शेजारी नकोत, भावंडं शेजारी नकोत, एका घरचे दोघे एका टेबलालाही शक्यतो नकोत. घरी रोज तोंडं बघताच की, असं तिचं म्हणणं. वयाला वय, बोलक्याला बोलका, लाजऱ्याला लाजरा असं जुळवून ती आख्ख्या गावाची पंगत विसकटते आणि नव्याने लावते. तशी आमच्याकडे सगळीकडेच घरच्यांना वेगवेगळं बसवायची रीत आहे, पण इतक्या निष्ठेने पाळणारी ही एकच.

मी तिची समोरची शेजारीण. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिचं अंगण, झेंड्याचा खांब आणि डुकरांच्या दोन्ही शेड दिसतात. त्यामुळे तिच्याकडचं जे मला ठाऊक नाही ते बहुतेक घडलेलंच नसतं. एवढी जवळची मी, आणि मला ती दर समारंभात चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बहिऱ्या म्हाताऱ्याशेजारी बसवते. एकदा विचारलं तर म्हणाली, "तुला बोलायचं असतं, त्याला ऐकायचं नसतं. आणखी काय पाहिजे?"

नवरा गेला तेव्हा गुनहिल्ड चाळिशीचीही नव्हती. फ्योर्डवरून वारा सुटला की पत्रे वाजणारी एक जुनी शेड आणि तीत माद्या, एवढं मागे राहिलं. ती सगळं विकून शहरात बहिणीकडे जाईल, अशी आम्ही गावभर खात्री दिली होती. तिने शेजारी दुसरी शेड बांधली. आसपासचे लोक आईपासून तोडलेली पिल्लं लगेच ट्रकवर चढवून दुसऱ्याकडे पाठवतात. हिने ठरवलं, माझ्या माद्यांची पिल्लं माझ्याच छपराखाली वाढतील. ती पिल्लांची शेड म्हणजे तिचा जीव. पडदे काय, उबेचे दिवे काय! माझ्या नवऱ्याने एकदा आत डोकावून विचारलं, इथे एखादी खोली भाड्याने मिळेल का?

आणि मन असं मऊ की काही विचारू नका. एक पिल्लू पातळ हगलं की ही भरल्या ताटावरून उठायची. लगेच पाण्याच्या टाकीत औषध. आजारी एक, पण औषध सगळ्या शेडला. का, तर बाकीच्यांनी वाट कशाला बघायची? पूर्वी हगवण रोखायला खाद्यात जस्ताची पूड मिसळत तेव्हा जरा निभायचं. सरकारने ती बंद केली आणि हिच्या टाकीतलं औषध वाढलं. शिफारस जनावरांच्या डॉक्टरचीच असायची, पण म्हातारे डॉक्टर तिचा चेहरा बघून सही करत. त्या चेहऱ्यापुढे मीही केली असती.

मग तिचा उजवा गुडघा बदलायचा ठरला. इस्पितळात पहिलाच प्रश्न, घरी डुकरं आहेत का? आहेत म्हटल्यावर नर्सने नाकात कापसाची काडी फिरवली आणि काही दिवसांनी कळवलं की बाईंच्या नाकात असा जंतू आहे जो नेहमीच्या औषधांना जुमानत नाही. शेडमध्ये औषध सतत चाललं की असे जंतू डुकरांत तगतात आणि तिथून माणसांत येतात म्हणे. तिला स्वतःला त्याचा काही त्रास नव्हता. पण शेजारच्या खाटेवरच्या एखाद्या अशक्त माणसाला तो लागला तर डॉक्टरांना भारी पडणार. म्हणून गुनहिल्डला वेगळी खोली. आत येणारा प्रत्येकजण झगा आणि हातमोजे घालून, जेवणाचा ट्रे एकटीचा. सगळ्या गावाला शेजारी देणारी बाई आठवडाभर भिंतीकडे बघत जेवली.

घरी आल्यावर चिडली होती. "मी दोनदा आंघोळ करून गेले होते," म्हणाली. मी म्हटलं, अगं, जंतूला तुझा साबण आवडला असेल. दार आपटून घेतलं तिने.

त्याच शरदात सरकारी खात्याकडून पिवळं कार्ड आलं. आमच्याकडे जनावराला दिलेल्या प्रत्येक औषधाची नोंद खात्याकडे जाते. डुकरांच्या संख्येच्या मानाने तुमचं औषध हद्दीबाहेर गेलं, की कार्ड. ठराविक मुदतीत ते खाली आणायचं. नाही आलं, तर पुढची पायरी म्हणजे डुकरं कमी करायची. डुकरं कमी झाली तर दोन शेड चालवणं परवडत नाही, आणि गुनहिल्डने कुणी विचारायच्या आधीच हिशेब केला होता: माद्या राहतील, पिल्लांची शेड बंद होईल, पिल्लं ट्रकवर चढतील. मला हे तिने सांगितलं तेव्हा ती भांडी पुसत होती. एकच बशी बराच वेळ पुसत होती.

म्हातारे डॉक्टर तोवर निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी मारेन आली. तरुण, गालावर खळी, आणि चेहरा बघून सही न करणारी. तिने शेडभर फिरून सांगितलं: टाकीतलं औषध बंद, जे पिल्लू आजारी त्यालाच सुई आणि पाठीवर निळी खूण, पिल्लं आईपाशी आणखी आठवडाभर राहू द्या, शेडमधले खण धुतले की पूर्ण वाळल्याशिवाय कुणाला आत सोडू नका. आणि जाता जाता, वेगवेगळ्या माद्यांच्या पिल्लांची सरमिसळ करू नका.

पहिलं सगळं गुनहिल्डने दात आवळून मान्य केलं. शेवटचं मात्र तिने न ऐकल्यासारखं केलं. कारण गुरुवारी आईपासून तोडलेली पिल्लं खणांत लावणं ही तिची पंगतच होती. मोठी मोठ्यांत, बारकी बारक्यांत, सख्खी भावंडं शक्यतो वेगळी. एकाने दुसऱ्याला दाबायचं नाही, कुणी स्वतःला जास्त समजायचं नाही. सभागृहात जे चालतं ते शेडमध्ये का चालू नये?

हिवाळाभर तिने खण वाळवले, पिल्लं उशिरा तोडली. औषध थोडं उतरलं, पण पुरेसं नाही. पंगत लागली की रविवारपर्यंत हगवण हजर. आता टाकीत ओतता येत नव्हतं, म्हणून ती खणाखणातून सुई घेऊन फिरायची आणि निळ्या खुणांनी शेड मोरासारखी दिसायची. तीन पिल्लं एकाच आठवड्यात गेली, तेव्हा तिने मारेनला फोनवर सांगितलं की तुझे नियम पिल्लं मारतात. मारेनने शांतपणे विचारलं, भावंडं एकत्र ठेवलीस का? अनोळखी पिल्लं भांडतात आणि एकमेकांना आजार देतात. गुनहिल्डने फोन ठेवला. मला म्हणाली, "कालची पोर, हिने कधी पन्नास माणसांचं टेबल लावलंय?"

मुदत संपत आली होती. उन्हाळ्याच्या तोंडावर आस्गर आणि लिस्बेतच्या लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण झाली. लिस्बेत ही गुनहिल्डची मावसबहीण, त्यामुळे यादी लांब आणि रुसवे त्याहून लांब. समारंभ शनिवारी. गुरुवारी गुनहिल्ड दिवसभर सभागृहात चिठ्ठ्या मांडत होती, आणि पिल्लं आईपासून तोडून खणांत लावायचं काम आलं तिच्या भावावर, आयलरवर.

आयलरबद्दल थोडं सांगायलाच हवं. लग्न केलं नाही. बायकोला वेळ द्यावा लागतो म्हणे. काम दिसलं की त्याची पाठ धरते आणि कॉफी दिसली की सुटते. गुनहिल्डने त्याला सकाळी दोनदा बजावलं: मोठी मोठ्यांत, बारकी बारक्यांत. आयलरने दोन्ही वेळा मान डोलावली. मग शेडमध्ये गेला आणि प्रत्येक मादीचं आख्खं बिऱ्हाड, बारकं-मोठं जसं होतं तसं, एकेका खणात हाकलून दार लावलं. दुपारच्या आत तो माझ्या अंगणात बाकावर बसून केक खात होता. मी विचारलं, इतक्या लवकर? म्हणाला, पाठ.

गुनहिल्डला कळलं शुक्रवारी सकाळी. तिचा आवाज माझ्या खिडकीपर्यंत आला, आणि माझी खिडकी बंद होती. ती पिल्लं पुन्हा लावायला निघालीच होती, पण सभागृहातून फोनवर फोन. बटाटे सोलायचे होते, लिस्बेतच्या दारावर हिरव्या डहाळ्यांची कमान बांधायची होती, आणि रीतीप्रमाणे शनिवारी पहाटे सगळ्यांनी जाऊन त्या दोघांना गाण्याने उठवायचं होतं. मग म्हणाली, रविवारी बघते, आणि आयलरकडे असं पाहून गेली की त्याची पाठ खरंच धरली असावी.

समारंभ झकास झाला. भाजलेलं डुकराचं मांस, तपकिरी रस्सा, नवे बटाटे. आस्गरवर रचलेली तीन गाणी, त्यांतलं एक माझं. ते सगळ्यांत चावट होतं हे मी सांगायला नको. मी बहिऱ्याशेजारी होतेच. जेवण सरून कॉफी आली आणि दर वेळी होतं तेच झालं. पंगत मोडली. चिठ्ठ्या तिथेच राहिल्या, माणसं उठली आणि आपापल्या घरच्यांजवळ जाऊन बसली. लिस्बेतच्या तिघी बहिणी एका कोपऱ्यात, थोरली धाकटीच्या खांद्यावर डोकं टेकून. गुनहिल्ड रिकाम्या टेबलाशी उभी राहून हे बघत होती. मी जाऊन म्हटलं, तुझी मेंढरं पळाली बघ. ती टेबलावरच्या चिठ्ठ्या गोळा करू लागली. एरवी टोला परत यायचा.

रविवारी दुपारी उरलेला केक घेऊन मी तिच्याकडे गेले. समारंभाची उजळणी बाकी होती. ती घरात नव्हती, शेडमध्ये होती. शेडमध्ये जायचं म्हणजे आधी आंघोळ आणि तिथलेच निळे कपडे, असा तिच्याकडचा कायदा. शनिवारसाठी सेट केलेले माझे केस अजून उभे होते. मी बाहेरूनच हाक मारली. आतून आवाज आला, "ये आत." त्या आवाजात काहीतरी होतं, म्हणून मी केसांचा बळी दिला.

ती पहिल्या खणापाशी सुई हातात धरून उभी होती. रविवार होता, हिच्या अनुभवाने आज हगवण यायला हवी होती. खण कोरडा होता. दुसराही. पिल्लं ढीग करून झोपली होती. एक धटिंगण आडवा, त्याच्या पोटावर एक मूठभर जीव, आणि त्या दोघांवर बाकीचे. कुणाच्या कानावर चावा नाही, पाठीवर ओरखडा नाही. अगदी शेवटच्या खणात एका बारकीचं शेपूट ओलं दिसत होतं. गुनहिल्डने आत जाऊन तिला एकटीलाच सुई दिली, पाठीवर निळी रेघ ओढली आणि परत त्याच ढिगात ठेवली. धटिंगण झोपेतच सरकला आणि तिला जागा मिळाली.

मी गप्प राहायचा प्रयत्न केला, खरंच केला. मग म्हटलं, "आयलरची पाठ बरी उपयोगी पडली."

"त्याच्या पाठीचं नाव काढू नकोस." सुईला टोपण लावत ती पुढे म्हणाली, "माणसांना दोन तास बसायचं असतं. पानं उचलली की आपापल्या घरी. यांना मी उठूच देत नव्हते गं."

मी केक पुढे केला. शेडमध्ये खायचं नसतं, हे ती त्या क्षणीही विसरली नाही.

घरात येताच तिने मारेनला फोन लावला. मी ऐकत नव्हते, फक्त तिथे होते. "मारेन, मी गुनहिल्ड," ती म्हणाली. "तू जाता जाता जे म्हणाली होतीस, ते आधी म्हणायला हवं होतंस." पलीकडून हसल्याचा आवाज आला. मग गुनहिल्डही हसली, जरा उशिरा.

त्यानंतर प्रत्येक बिऱ्हाड एकत्रच राहू लागलं. हगवण थांबली असं नाही, पिल्लं अजून आजारी पडतात, एखादं जातंही. पण औषध उतरलं ते हद्दीच्या बरंच खाली. कार्ड उठलं. पिल्लांची शेड राहिली. कार्डाच्या भीतीने आधीच बोलून ठेवलेल्या ट्रकवाल्याला तिने स्वतः फोन करून सांगितलं की तुझी गरज नाही, आणि त्याच्या बायकोची चौकशी केली.

आयलर गावभर सांगतो की शेड त्याने वाचवली. पुढच्या समारंभात गुनहिल्डने त्याला माझ्या जागी बसवलं, बहिऱ्याशेजारी, आणि मला मारेनशेजारी. मारेन ऐकते, हसते आणि उलटही बोलते. मला अजून सवय झालेली नाही.

डावा गुडघाही मग बदलावा लागला. पुन्हा काडी, पुन्हा तोच जंतू, पुन्हा एकटीची खोली. तो एवढ्यात हटत नसतो म्हणे. या वेळी ती चिडली नाही. झगा-हातमोजे चढवून मी भेटायला गेले तेव्हा तिच्या ट्रेवर एक चिठ्ठी उभी होती, तिच्याच अक्षरात तिचंच नाव.

आता गुरुवारी पिल्लं तोडतात तेव्हा मी कधीमधी आंघोळ करून आत जाते. मजा बघायला. गुनहिल्ड दार उघडते, बिऱ्हाड एका गठ्ठ्याने खणात शिरतं, मोठ्यांच्या पायांत एखादं बारकं धडपडतं आणि किंचाळतं. तिचे डोळे त्याच्यावरच खिळतात. ते उचलून शेजारच्या खणातल्या त्याच्याएवढ्यांत ठेवावं असं तिला अजूनही वाटतं. मला दिसतं ते. म्हणून दार लावलं की ती दोन्ही हात निळ्या कपड्यांच्या खिशात घालते आणि पिल्लांचा ढीग होईपर्यंत बाहेर काढत नाही.