रेंज नसलेलं रान

कनेरगाव नाक्याला आमच्या धाब्यावरची जेवणाची गर्दी ओसरली होती, तेवढ्यात पुसेगावहून वहिनीचा फोन आला. "ताई, शेळ्या एकट्याच घरी आल्या..." माणसं शोधायला गेली, तेव्हा टेकडीपलीकडच्या दरीत दादा पळसाखाली पडलेला सापडला. छातीत कळ आली असणार. मोबाइल मुठीत होता. वहिनीला लावलेले फोन त्यात दिसत होते, लागला एकही नव्हता. तिथं रेंजच नाही. आणि रेंज नाही म्हणूनच माझा भाऊ तिथं जायचा, हे आता महिना उलटला तरी लोकांना समजावून सांगता येत नाही.

दादा माझ्याहून थोरला. घरची सोयाबीन-तुरीची शेती, खाऊनपिऊन सुखी. सेनगावच्या एका मित्राचं पाहून त्यानं चांगल्या कंपन्यांचे शेअर घेतले आणि ठेवून दिले. इथवर सगळं बराबर होतं. मग मोबाइलवरच सकाळी घ्यायचं आणि दुपारच्या आत विकायचं, हा नाद लागला. पहिल्या कमाईतून मला भारी साडी आणली, तेव्हा मीही गावभर मिरवले. पुढं सोयाबीनचे पैसे गेले, वहिनीच्या पाटल्या गेल्या. हरला की परत मिळवायला बसायचा, जिंकला की आज हात चालतोय म्हणून बसायचा. उठायला काही कारणच उरलं नव्हतं. एकदा मी भडकले, "हा जुगार सोड आता." तर म्हणाला, "बाजार जुगार न्हाई, सुमे. ते ठेवलेले शेअर बघ, कसे गप पडून हायेत. जुगार माझ्या अंगठ्यात हाय. काय करू, अंगठा तोडू?" बोलताना त्याचे डोळे भरले. मला त्याची कीव आली आणि भीतीही वाटली.

मोबाइल वहिनीकडं देऊन पाहिला. बाजार उघडला की लेकरासारखा हट्ट धरून तिच्यामागं फिरायचा, आणि ती बिचारी शेवटी देऊन टाकायची. मग एक दिवस त्यानं शेळ्या घेतल्या. दहिवर उडालं की शेळ्या सुटतात, तेव्हाच बाजारही उघडतो; आणि शेळ्या माघारी वळेपर्यंत तो बंद झालेला असतो. गावाखालच्या दरीत रेंज नव्हती. एवढा जमीनजुमला असून माणूस शेळ्या राखून राहिला म्हणून गाव हसलं. मी म्हटलं, मोबाइल घरीच ठेवून जा की. "घरी ठेवला की पाय घराकडं ओढतेत," तो म्हणाला. "दरीत तो खिशातच असतो, पण मुका."

अशी दोनेक वर्षं तो सुटला, असं आम्हाला वाटलं. मग गावाजवळ टॉवर आला. गावानं पेढे वाटले. दादानं पेढा हातात धरला, खाल्ला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो टेकडी ओलांडून पलीकडच्या दरीत जाऊ लागला. तिकडं सहसा माणूस फिरकत नाही. "एवढ्या लांब काहून जाता? इथं गवत न्हाई का?" वहिनीनं विचारलं. "गवत हाय. पण टॉवर बी हाय," एवढंच तो म्हणाला. गावाखालच्या दरीतही रेंज त्याच्या मागोमाग येऊन पोहोचली होती. माझा भाऊ एकटा मेला, याचा मला राग येतो. आणि तो कुणावर काढावा तेच कळत नाही.

शेळ्या विकायला वहिनी तयार नाही. ती स्वतः नेते. गावाजवळ चारायला सोडलं तर त्या थांबत नाहीत, टेकडीच्या वाटेला लागतात. रोज सकाळी टेकडीच्या माथ्यावरून तिचा फोन येतो. "ताई, आता रेंज जाईल, ठेवते." मग धाब्यावर गिऱ्हाइकं ओरडत राहतात, पोळ्या करपतात. ती माघारी माथ्यावर येऊन पुन्हा फोन करेपर्यंत मला मोबाइल हातातून खाली ठेवता येत नाही.