चेतनाबाईंची अस्सल प्रत

नवी पेठेतल्या एका बोळात जिन्याखाली दोन गाळे आहेत आणि दोहोंत मिळून एकच भिंत आहे, तीही प्लायवूडची. अलीकडे चेतना मोहोळकरांचे डीटीपीचे दुकान, पलीकडे चनबसप्पाचे कॉम्प्युटर दुरुस्तीचे. लग्नपत्रिका, स्मरणिका, हँडबिले, मंडळांचे अहवाल असे गावाचे निम्मे छापील मराठी गेली पंचवीस वर्षे चेतनाबाईंच्या बोटांखालून गेलेले आहे.

आमच्या शाळेच्या प्रश्नपत्रिकाही त्यांच्याकडेच टाइप होत. एका वर्षी सहामाहीच्या आधी त्यांनी पाकीट न फोडता परत आणून दिले. "यंदा दुसरीकडे द्या, सर. माझी संस्कृती तुमच्याकडे नववीत आहे." आम्ही म्हटले, तुमच्यावर आमचा विश्वास आहे. त्या म्हणाल्या, "माझाही आहे. पण तिला चांगले मार्क पडले, तर लोक काय म्हणतील?" संस्कृती दहावी होऊन शाळेतून बाहेर पडल्यावर, पुढच्या जूनमध्ये, त्या आपणहून पाकीट न्यायला आल्या.

चेतनाबाई आधी एका वकिलांच्या ऑफिसात टाइपरायटरवर होत्या. १९९९ साली त्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि मराठी टायपिंगचे सॉफ्टवेअर पुण्याला जाऊन अस्सल आणले. त्या काळी पेठेत अकरा डीटीपीवाले होते. बाकी दहांकडे एकाच सीडीच्या प्रती फिरत होत्या. अस्सल प्रतीबरोबर काडेपेटीएवढे एक कुलूप येई. ते कॉम्प्युटरच्या मागे, प्रिंटरच्या खाचेत लावायचे. ते असेल तरच अक्षरे दिसणार. लोक हसले. चेतनाबाईंचे उत्तर ठरलेले होते. "मी दुसऱ्यांनी लिहिलेलं टाइप करून पोट भरते. मग अक्षरं बनवणाऱ्याचं फुकट कसं घेऊ?"

पलीकडच्या गाळ्यात दर रविवारी सकाळी बैठक भरते. चनबसप्पा हा मूळचा अक्कलकोटकडचा, पन्नाशीचा, हाताने सोल्डरिंग करता करता बोलणारा. वरद हा पुण्याच्या कंपनीचे काम घरी बसून करणारा, तिशीतला इंजिनिअर. तिसरे शरच्चंद्र वकील, वय अडुसष्ट, कोर्ट सोडले तरी कायदा न सोडलेले. निवृत्त झाल्यापासून मीही चहापुरता तिथे असतो. विषय ठरलेले असतात. चार बड्या कंपन्यांनी सगळ्या जगाचे कॉम्प्युटर कसे मुठीत धरले, नवा प्रोसेसर खरेच वेगवान आहे का, डेटा संरक्षणाच्या कायद्याने सामान्य माणसाला काय मिळाले. आवाज फार चढला की चेतनाबाई पलीकडून प्लायवूडवर दोनदा टकटक करतात आणि सगळे अर्ध्या आवाजात भांडू लागतात. बैठकीला त्या कधी आल्या नव्हत्या.

मागच्या मे महिन्यात आल्या. वकील तेव्हा वरदला सांगत होते की, फुकट सॉफ्टवेअर हा भाबडेपणा आहे.

"फुकट नाही, मुक्त," वरद म्हणाला. "काका, तुम्ही दर वर्षी भाडं भरता आणि ज्या दिवशी थांबता त्या दिवशी तुमचीच कागदपत्रं तुम्हाला उघडत नाहीत. याला काय म्हणायचं?"

"करार म्हणायचं. सही केलीस ना?"

"लई शाना बोलतंय की वकील," चनबसप्पा म्हणाला. "सही कोण वाचून करतंय?"

तेवढ्यात चेतनाबाई दारात उभ्या राहिल्या. "चनबसप्पा, जरा बघता का? सकाळी लाइट गेली आणि आली. तेव्हापासून मशिन सुरू होत नाही."

चनबसप्पाने डबा उघडला. मदरबोर्डवरचे कॅपॅसिटर फुगलेले होते. ते विशेष नव्हते. जुन्या बाजारातून त्याने तशाच वयाचा बोर्ड दोन दिवसांत पैदा केला, कारण नव्या बोर्डांना ती प्रिंटरची खाच नसते. मशिन सुरू झाले. पण कुलूप लावले तरी अक्षरे दिसेनात. त्याने कुलूप खोलून मीटर लावला आणि मान हलवली. "अक्का, हे गेलं. आतली चिप जळली."

ज्या कंपनीचे सॉफ्टवेअर होते ती दुसऱ्या मोठ्या कंपनीने केव्हाच घेतली होती. चेतनाबाईंनी फोन केला. त्यांना कळले की जुनी कुलपे बदलून मिळत नाहीत. नवे सॉफ्टवेअर वार्षिक भाड्याने मिळेल, मात्र त्यात २०१० पूर्वीच्या फाइल उघडणार नाहीत. दोन कपाटे भरून सीडी होत्या, त्यातल्या बहुतेक २०१० पूर्वीच्याच. त्यांचे गिऱ्हाईक येते ते 'मागच्या वेळचं तसंच काढा' असे म्हणतच.

आणि त्याच आठवड्यात सांगोल्याहून बिरप्पा आला. मेंढपाळांच्या संघाचा तो सचिव. रावजी नावाच्या एका पशुधन पर्यवेक्षकाने मेंढरांच्या आजारांवर लिहिलेली चौसष्ट पानी पुस्तिका २००३ साली चेतनाबाईंनी केली होती. संघाला ती पुन्हा छापायची होती. रावजी वारले होते, हस्तलिखित सापडत नव्हते. बिरप्पाने पिशवीतून जुनी प्रत काढून टेबलावर ठेवली. ती छप्पन्न पानांवरच संपत होती.

"बाकीची?"

"शेळीनं खाल्ली की, बाई. तितंच तर औषदाचे डोस हायती. तुमच्याकडं हायच की कॉम्पुटरात."

"आहे," चेतनाबाई म्हणाल्या आणि त्यांनी ती प्रत ठेवून घेतली.

त्या रविवारी त्या बैठकीत येऊन स्टुलावर बसल्या. "मला पुढच्या महिन्यापर्यंत ती आठ पानं द्यायची आहेत. नाही जमलं तर मी दुकान बंद करणार. लोकांचं सांभाळून ठेवलंय असं पंचवीस वर्षं सांगत आले. उघडताच येत नसेल, तर मी नुसता सीडींचा पाला राखत बसले होते."

चनबसप्पाने खिशातून पेनड्राइव्ह काढला. "अक्का, पाच मिन्टाचं काम. ह्याच्यात तेच सॉफ्टवेअर हाय, कुलूप तोडलेलं. पेठेत सगळे हेच वापरतेत."

"माहीत आहे मला."

"तुम्ही तर पैसे मोजलेत. तुम्हाला कसलं पाप?"

चेतनाबाईंनी वकिलांना विचारले, हा गुन्हा होतो का. वकिलांना असा प्रश्न कोणी थेट विचारत नाही. त्यांनी चष्मा पुसला. "हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडलं तर कॉपीराइट कायद्यात गुन्हा आहे. तुमचा हेतू तसा नाही. वेळ आली तर मी सिद्ध करीन. दहा-बारा तारखा लागतील."

"बघा, म्हणजे चोर सुखी आणि पावतीवाली उपाशी," वरद म्हणाला. "हीच मक्तेदारी. मी कधीचा सांगतोय."

"अरे, तू सांगतोस खूप," चेतनाबाई म्हणाल्या. आवाज शांत होता. "मी भिंतीपलीकडून आठ वर्षं ऐकते आहे. त्या सांगण्यातून माझी आठ पानं निघतात का, ते बघ."

वरदने त्या पुस्तिकेची सीडी मागून घेतली आणि स्वतःच्या लॅपटॉपवर फाइल कुलपाशिवायच उघडली. मजकूर होता, पण मराठी नव्हता. ए, एस, के, उलटे बाण, कंस असा इंग्रजी अक्षरांचा चिवडा पानभर पसरला होता.

"अक्षरं गेलेली नाहीत, काकू. फक्त चेहरा गेलाय. कुठल्या खुणेचं कुठलं अक्षर, एवढं कळलं तर मी प्रोग्रॅम लिहून सगळं आजच्या युनिकोड मराठीत, कुठल्याही कॉम्प्युटरवर दिसेल असं, आणू शकतो. दुसऱ्या कंपन्यांच्या फॉन्टांचं लोकांनी करून ठेवलंय. तुमच्या कंपनीचं कुणी केलेलं नाही, कारण अस्सल घेतलंच कुणी नाही."

"आणि चोरणाऱ्यांना गरज पडली नाही," वकील म्हणाले.

"पण तक्ता कुठून आणायचा? 'ढ' कुठल्या कळीवर आहे, काकू?"

चेतनाबाईंनी डोळे मिटले, उघडले. "सांगता येत नाही रे. आठवत नाही."

"पंचवीस वर्षं टाइप करताय!"

"म्हणूनच. टाइपरायटर शिकताना क्लासातले सर कळांवर फडकं टाकायचे. कधी बघितलंच नाही."

चनबसप्पा उठला आणि त्याने भंगारातला एक कीबोर्ड आणून त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्याची वायर तुटलेली होती. "अक्का, काही तरी लिवा बघू. मेंढी लिवा."

त्यांनी हात ठेवले. बोटे चालली. वरद कीबोर्डवर वाकला. "ई, एस, ए... शिफ्ट आणि हा स्वल्पविराम... एच." त्याने लॅपटॉपवर शोध घेतला. त्याच ओळीने त्या खुणा फाइलमध्ये एकशे बारा वेळा होत्या.

"चौसष्ट पानांत मेंढी एवढ्या वेळा असणारच," वकील गंभीरपणे म्हणाले.

पुढचे तीन रविवार बैठकीत दुसरा विषय निघाला नाही. आम्ही शब्द सांगायचे, चेतनाबाईंनी त्या मुक्या कीबोर्डवर लिहायचे आणि वरदने बोटे पाहून तक्ता भरायचा. जोडाक्षरांना वेळ लागला. ज्यांना कळच नाही अशा, आकडे टाकून काढायच्या काही खुणा त्यांच्या दुकानातल्या भिंतीवर पिवळ्या पडलेल्या कागदावर होत्या, त्या कागदाचा वरदने फोटो काढून घेतला. पहिल्या खेपेला बाहेर आलेल्या मजकुरात सगळ्या पहिल्या वेलांट्या शेजारच्या घरी गेल्या होत्या, कारण टाइपरायटरच्या सवयीने वेलांटी आधी आणि अक्षर नंतर मारलेले होते. वरदने ते दुरुस्त केले. तेव्हा रफार बिघडले.

"हे कायद्यात बसतं ना?" चेतनाबाईंनी एकदा विचारले.

शरच्चंद्र वकिलांनी बराच विचार केला. कुलूप तोडलेले नव्हते. फाइल त्यांची, बोटे त्यांची, सॉफ्टवेअर तर सुरूच केलेले नव्हते. "मला हरकत सापडत नाही," ते म्हणाले. त्यांना जरा वाईट वाटलेले दिसले.

तिसऱ्या रविवारी शेवटची आठ पाने आली. डोसांचा तक्ता, वजनानुसार, कोकराला किती, मोठ्या मेंढीला किती. बाकीचे सगळे खूश झाले. चेतनाबाईंनी मात्र प्रत्येक आकड्यासाठी मूळ फाइलमधल्या खुणा पुन्हा एकेक करून कीबोर्डवर दाबून पाहिल्या. मग तो तक्ता सांगोल्याच्या गुरांच्या डॉक्टरांना पाठवला. डॉक्टरांनी एका औषधाचा डोस आता बदलला असल्याचे कळवले, तेव्हा तळाशी तशी टीप टाकून रावजींचा मूळ आकडा त्यांनी तसाच ठेवला. "त्यांच्या पुस्तकात मी कशी खोडाखोड करू?"

बिरप्पाने गठ्ठे न्यायला जीप आणली. पहिली प्रत उलटीसुलटी करून पाहिली. "समदं झ्याक हाय, बाई. पर पयल्या पुस्तकावर मेंढ्याचं चित्र हुतं. त्ये कुटं हाय?"

"ते छापखान्याच्या ब्लॉकवरून होतं. माझ्याकडे नव्हतं."

"मेंढ्याबिगर मेंढराचं पुस्तक," बिरप्पा म्हणाला, आणि गठ्ठे जीपमध्ये टाकून गेला.

चेतनाबाईंचे दुकान चालू आहे. आता त्या रोज दुपारी पाच-दहा सीडी नव्या मराठीत आणतात आणि वाचून तपासतात. २००१ सालात पोचल्या आहेत. पेठेतल्या दहा दुकानांपैकी चार उरली. त्यांच्या तोडलेल्या प्रती नव्या मशिनवर चालेनाशा झाल्या, तेव्हा त्यातला एकजण, जो पूर्वी सर्वांत मोठ्याने हसला होता, तो खुणा-अक्षरांचा तक्ता मागायला आला. चेतनाबाईंनी वरदला सांगितले, देऊन टाक. सगळ्यांनाच दे.

यावर मागच्या रविवारी बैठक पेटली. वरद म्हणाला, इंटरनेटवर खुला ठेवू, पण जो कोणी यात भर घालील त्यानेही ती खुली ठेवली पाहिजे. वकील म्हणाले, अशी अट घालायची तर लेखी परवाना हवा, आणि आधी हक्क कोणाचा ते ठरवा, बोटांचा की प्रोग्रॅमचा. चनबसप्पा म्हणाला, "कीबोर्ड माझा होता की!"

"अक्कांनाच विचारा," शेवटी तो म्हणाला, आणि उठून पलीकडे डोकावला. चेतनाबाई पत्रिका करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"अट एकच. ज्याला चूक सापडेल त्याने मला कळवायची."

चनबसप्पाने येऊन निरोप सांगितला. ही अट कायद्याने बंधनकारक कशी करायची, असा प्रश्न वकिलांनी काढला. वरदने टेबलावर हात आपटला. पलीकडून प्लायवूडवर दोनदा टकटक झाली.