सुई उचलेपर्यंत

रेकॉर्ड लावली की सुहास खाली बसत नसे. चहा गार होवो, फोन वाजून वाजून बंद पडो, दारात कोणी येऊन उभं राहो, हा आपला हाताची घडी घालून मशीनपाशी उभा. सुरुवातीला मला वाटलं, याला मूळव्याध असावी. माझ्या बायकोने तर औषध म्हणून त्याला चार दिवस सुरणाची भाजी पाठवली. त्याने ती खाल्ली, डबा धुऊन परत आणला आणि विचारलं, "काकी, भाजी मस्त होती, पण रोज सुरणच का?" काकी पदर तोंडाला लावून आत पळाली. मग मीच सरळ विचारलं, तू बसत का नाहीस?

तेव्हा कळलं की त्याचं मशीन जुनं. रेकॉर्डची एक बाजू संपली की सुई आपोआप उठत नाही, शेवटच्या खाचेत गरगर फिरत राहते आणि झिजते. "म्हणून कोणीतरी उभं लागतं, काका," तो म्हणाला. "ज्याने ठेवली त्यानेच उचलायची."

तो माझा भाडेकरू. खारी गावात आमचं घर, आता चारी बाजूंनी इमारती उभ्या आहेत. घरामागे मी स्वतः एक खोली बांधली आहे. शाळा माझी तिसरीपर्यंत, आणि जन्म गेला स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारण्यात, पण ती खोली बघून आजवर कोणी नाव ठेवलेलं नाही. खोली बघायला येणारा माणूस पाणी कधी येतं, स्टेशनला रिक्षा मिळते का, एवढंच विचारतो. सुहास आला, चपला काढल्या आणि खोलीच्या मधोमध उड्या मारायला लागला. चाळिशी ओलांडलेला, केस विरळ झालेला, चांगला दादरहून आलेला माणूस!

"अरे, काय करतोस?"

"जमीन हलते का बघतोय. आधीची जागा सातव्या मजल्यावर होती. खालून डंपर गेला की सुई उडायची." मग वाकून त्याने जमिनीवर हात फिरवला. "ही कोणी केली?"

"मी. खाली दगड भरून ठोकलाय, वर कोबा."

"मग मला हीच पाहिजे."

माझ्या भांड्यांत लोकांनी तोंडं बघितली, भांगही पाडले असतील. पण जमिनीचं कौतुक करणारा हा पहिलाच.

सुहास आणि त्याचा भागीदार जिग्नेश, दोघांची गाणी काढायची छोटी कंपनी होती. लेबल म्हणायचे तिला. कुठली कुठली पोरं घरात बसून कॉम्प्युटरवर संगीत बनवायची. पेटी नाही, तबला नाही, गाणारा नाही. हे दोघं ते बाहेर काढायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, "आमच्या गाळ्यात कोणीतरी मोटर चालू ठेवून जेवायला गेल्यासारखं वाटतं." सुहासने मान डोलावली. "काका, हे रेकॉर्डच्या पाकिटावर छापू का?"

त्याचं माझं भांडण वेगळ्याच गोष्टीवरून होतं. मी म्हातारा, पण मी मोबाईलच्या बाजूने. आणि तो शिकलेला, त्या काळ्या थाळ्यांच्या बाजूने. मी म्हणायचो, नेटवर टाकलं की चहा प्यायच्या आत जगभर जातं. तुझी रेकॉर्ड परदेशातल्या कारखान्यात जाणार, तिथे मोठ्या कंपनीची ऑर्डर आली की तुला मागे ढकलणार, महिनोन्‌महिने वाट बघायची, मग कस्टमवाल्यांच्या पाया पडायचं आणि शेवटी दोघांनी माझ्या जमिनीवर मांडी घालून पाकिटं भरायची. सांगितलंय कोणी? जिग्नेश लगेच टाळी द्यायचा. "काका सही बोलते हैं. अपलोड मार दे ना यार, दो मिनिट का काम है."

सुहास हट्टी होता, पण वेडा नव्हता. नव्या पोरांचं काम तो नेटवरच काढायचा. खर्च बुडाला तर त्यांच्या उमेदीला लागेल, म्हणायचा. पण ज्यावर त्याचा जीव बसे, त्याची रेकॉर्ड निघायचीच. "शुक्रवारी नेटवर टाकलं की पुढच्या शुक्रवारी नव्या गाण्यांची त्याच्यावर माती," हे त्याचं ठरलेलं वाक्य. दुसरं म्हणजे, "फाईलला पाठ नसते, काका. रेकॉर्डला पोट असतं, पाठ असते. मधे उठून कूस बदलावी लागते. त्या निमित्ताने ऐकणारा जागा आहे की नाही ते कळतं."

माझी थोरली बहीण चांगुणा धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी नंतर येतो, आधी धवलारीण लागते. ती धवला, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाते, एकेका देवाला नाव घेऊन मांडवात बोलावते, नवऱ्याला हळद लावून घेते आणि शेवटी त्या देवांना परत पाठवते. माझ्या पुतणीची हळद आमच्या अंगणात झाली तेव्हा सुहास मांडवाच्या कोपऱ्यात उभा होता. चांगुणा सुरू झाल्यापासून थांबेपर्यंत उभाच. दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर येऊन बसला.

"आजी, तुमचा आवाज मला रेकॉर्ड करायचाय."

"मोबाइलवर टाकशील?"

"टाकू शकतो. लोक कुठेही ऐकतील."

"कुठंपन म्हंजे? रिक्षान? संडासान?" चांगुणाने तोंडातलं पान गालात सरकवलं. "आन अर्ध्यावर कंटाला आला का बंद करतील ना? देवांना बोलवलं आन मांडवान उभा ठेवून ही मंडली चालली! मना न्हाय जमायचा."

सुहासने तिला आत नेलं आणि रेकॉर्ड कशी लागते ते दाखवलं. सुरुवातीला सुई ठेवायची, ती आपल्या चालीने आत जाते, शेवटी माणसाने उचलायची. चांगुणा बघत राहिली. मग म्हणाली, "याला मानूस लागतो. मंग चालंल. पन याच्यावरच. दुसरीकडं कुठं न्हाय." सुहास हो म्हणाला. कागद नाही, सही नाही.

खोलीत तिने आधी तांदळाचा चौक भरून घेतला, मगच तोंड उघडलं. नंतर सुहासने तिच्या आवाजाखाली कॉम्प्युटरमधून एक खोल घुमारा भरला. तो ऐकून ती बावरली. "खालून काय घुमतंय रं? बोट लागली का काय खाडीत?"

"तुमच्या आवाजाखाली जमीन घातली, आजी. काकांनी खोलीला घातली तशी."

अडचण आली लांबीची. एका बाजूत धवला मावेना. कुठेतरी तोडायला हवा, आणि तोडायचा कसा? सुहास दोन दिवस जेवला नसेल धड. शेवटी भीत भीत चांगुणाला विचारलं. ती हसायलाच लागली. "अरं, मी पान खायला थांबते ना तवा देव पन थांबतात! तिथं उलटव तुजी थाली."

माल कारखान्यात गेला आणि तिथेच अडकला. मधल्या काळात जिग्नेशने एक छोटा तुकडा परदेशातल्या एका बड्या कंपनीला ऐकवला होता. त्यांचा निरोप आला. हे आम्हाला नेटवर पाहिजे, लगेच पाहिजे, तुकडे करून पाहिजे, आणि तुमचं सगळं लेबल आम्ही आमच्या पंखाखाली घेतो. लेबल तेव्हा शेवटचे श्वास घेत होतं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. जिग्नेशचा आवाज चढलेला मी प्रथमच ऐकला.

"दस साल का काम है, सुहास! एक बुढ़िया के लिए? और देख, रेकॉर्ड आएगी तो कोई भी कॉपी करके नेट पे डालेगा. तू रोकेगा?"

"नहीं रोक सकता. डालेगा कोई. मैं नहीं डालूँगा."

मीही मधे पडलो. चांगुणा माझी बहीण, म्हणून बोलायचा हक्क मलाच होता. म्हटलं, "टाक की बाबा. ती कुठे नेट बघायला जाणार आहे? तिला कळणारसुद्धा नाही."

सुहास माझ्याकडे बघून म्हणाला, "कळणार नाही, काका. म्हणूनच."

त्याने कंपनीला नकार कळवला. मला ते पटलं नव्हतं. आजही मी म्हणतो, लेबल वाचवायला हवं होतं. पंधरा-वीस पोरांचं घर होतं ते. जिग्नेश वाईट माणूस नव्हता. तो लेबलचं नाव घेऊन बाजूला झाला, बाकीची गाणी नेटवर चालू ठेवली, आणि ती चाललीही. धवला मात्र त्याने सुहासला सोडून दिला. अजून दिवाळीला मला फरसाण आणून देतो.

कारखान्यातून नमुन्याची पहिली रेकॉर्ड आली, पांढऱ्या कोऱ्या पाकिटात. सुहासने चांगुणाला बोलावलं. ती खुर्चीवर, मी पलंगावर, तो उभा. बाजू संपली, त्याने सुई उचलली, थाळी उलटवली. चांगुणाने तेवढ्यात कमरेची चंची सोडून पान लावलं. दुसरी बाजू संपली, देव परत गेले, तशी ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "झाला. कोन मधे उठला न्हाय."

बाकीच्या रेकॉर्डी आल्या, सावकाश विकल्या गेल्या. सुहासला नाशिकला कॉलेजात आवाजाचं काम शिकवायची नोकरी लागली. खोली सोडताना त्याने सगळं सामान टेम्पोत चढवलं, ते जुनं मशीन आणि एक रेकॉर्ड तेवढी ठेवली.

"हे विसरलास."

"नवीन घर पाचव्या मजल्यावर आहे, काका. याची जमीन इथे आहे." जाताना चपला काढून खोलीच्या मधोमध त्याने पुन्हा एक उडी मारली. काही हललं नाही.

पुढे चांगुणाचा घसा गेला. डॉक्टरांनी गायचं नाही म्हणून सांगितलं. गावातल्या एकाही पोरीने धवला शिकून घेतलेला नाही. यंदा माझ्या नातवाचं लग्न निघालं. पोरांनी अंगणात मांडव घातला, फळ्यांचं स्टेज केलं, हळदीला डीजे आणला. चांगुणा खुर्चीत बसून सगळं बघत होती. मला जवळ बोलावून बसक्या आवाजात म्हणाली, "भाऊ, त्या सुहासची थाली आन."

मी मशीन आणून स्टेजवर मांडलं. एका पोराने फळीवर पाय ठेवला आणि सुई टुणकन उडाली. डीजेवाला म्हणाला, "आबा, ब्लूटूथ पे भेज दो ना."

म्हटलं, "हे पाठवता येत नाही. हळद आतल्या खोलीत लागेल."

घरात गोंधळ उडाला. मांडवाचा एवढा खर्च, फोटोवाला बाहेर, आणि हळद मागच्या खोलीत? सूनबाई रुसली. मी कोणाचं ऐकलं नाही, ती सवयच नाही मला. नवरा आत आला, बायका दाटीवाटीने कोब्यावर बसल्या, चांगुणा दाराशी. मी सुई ठेवली. खालून जमीन घुमली आणि वर चांगुणाचा जुना आवाज आला, देवांना एकेक करून हाका मारत.

बाजू अर्धी झाली असेल. नातवाने हळदीने माखलेल्या हाताने खुर्ची माझ्याकडे सरकवली. "आबा, बसा ना. गुडघे दुखतील."

"तू बस," मी म्हटलं. "मला सुई उचलायची आहे."